मथळा नसलेलं पान

पेणच्या कोर्टासमोर ज्या वकील मॅडमकडे मी इंटर्न होतो, त्यांनी पहिल्याच आठवड्यात माझी योग्यता ओळखून मला झेरॉक्सवर नेमलं होतं. म्हणून एकदा त्या म्हणाल्या, "उद्या रोह्याला जा, विश्रामगृहावर मंत्री येतायत. कायदा आपण कोर्टात वाचतो, तो ठरतो कुठे ते तिथल्या व्हरांड्यात बसून बघ," तेव्हा मी लगेच काळा कोट इस्त्रीला टाकला. मे महिन्यात रोह्याला काळा कोट घालून उतरणारा माणूस एकतर वकील असतो नाहीतर मूर्ख. वकील मी अजून झालो नव्हतो.

काम असं होतं. खाडीकाठच्या एका गावाच्या बांधाला खांड गेली होती, म्हणजे भगदाड पडलं होतं. भरतीचं खारं पाणी थेट भातशेतात शिरत होतं. पावसाळ्यातल्या उधाणाआधी ती बुजवली नाही, तर जमीन भाताच्या कामातून जाणार होती. एका कंपनीला तिथे भराव घालायचा होता, त्यामुळे खांड तशीच राहण्यात तिचं भलं होतं. गावाला दुरुस्ती हवी होती. त्याचं निवेदन मी लिहिलं आणि सह्याही मीच गोळा केल्या.

देवळाच्या ओट्यावर एका काकांनी सह्यांचं पान उलटसुलट करून पाहिलं. "वर काय लिवलं नाय?"

"मजकूर टाइप करून वर जोडायचा असतो, काका. तशी पद्धत आहे."

ही पद्धत मी त्याच क्षणी शोधून काढली होती. खरं म्हणजे मला अजून भारदस्त मथळा सुचला नव्हता. काकांनी आधी आडवी रेघ मारली आणि मग तिला एकेक अक्षर टांगलं.

रोह्याला माझ्याबरोबर तेच आले. एसटीत मी त्यांना नागोठण्यापर्यंत लॉबिंग समजावून सांगितलं.

"म्हंजे मागं लागायचं."

"तसं नाही काका, ती एक प्रक्रिया असते."

"मागंच लागायचं," म्हणत त्यांनी डोळे मिटले.

व्हरांड्यात हार घेतलेले, फायली घेतलेले आणि नुसतेच आलेले, अशी गर्दी होती. पांढऱ्या शर्टातला एक हसतमुख गृहस्थ सरळ माझ्याकडे आला. "वकीलसाहेब, कुठून?" मला आयुष्यात पहिल्यांदाच कोणी वकीलसाहेब म्हणत होतं. मी गाव सांगितलं, खांड सांगितली, कोण सही करायला नाखूश होतं तेही सांगितलं. त्याने विचारलं नव्हतं तेसुद्धा सांगितलं. त्याने चहा मागवला, निवेदन चाळलं आणि नखाने पिन काढली. "साहेबांच्या बोटाला टोचली की कागद गेला टेबलाखाली. फोल्डरमध्ये घालून देतो. पीए आपलाच आहे."

काका माझ्या कोटाची बाही ओढत होते. "आपुनच दिऊ ना. थांबू की."

"काका, यालाच लॉबिंग म्हणतात," मी म्हणालो.

दोन तासांनी मंत्री बाहेर आले. काकांनी गर्दीतून गावाचं नाव ओरडून सांगितलं. मंत्री थांबले आणि त्यांनी हात जोडले. "हो, पाहिलं. तुमच्या गावचा पाठिंबा आहे, लक्षात आहे माझ्या." गाडी निघून गेली.

"पाठिंबा कसला बोलला तो?"

"पुढारी असंच बोलतात, काका."

परतताना नागोठण्याच्या स्टँडवर मी मोठ्या ऐटीत मॅडमना फोन लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "पोच घेतलीस? आपल्या प्रतीवर शिक्का?" नव्हता. "सह्यांच्या पानांवर मथळा होता?" नव्हता. मग त्या म्हणाल्या, "म्हणजे त्या सह्यांवर आता कुठलाही मजकूर बसेल. काकांना आत्ता सांग."

काका वडापाव खात होते. "हुईल ना रं काम?"

"होईल," मी म्हणालो.

पावसाळ्याच्या तोंडावर कंपनीच्या भरावाच्या अर्जावर प्रांत कार्यालयात सुनावणी लागली. आमची सह्यांची पानं त्या अर्जाला जोडलेली होती. एकही सही खोटी नव्हती. वर फक्त सुबक टाइप केलेला मजकूर आला होता: दुरुस्ती नको, भरावाला गावाची संमती आहे. मथळा माझ्यापेक्षा भारदस्त होता. मी उठून म्हणालो की ही पानं मी गोळा केली आहेत. अधिकाऱ्यांनी विचारलं, "आपण कोण?" मी इंटर्न म्हणालो. मागे कोणीतरी हसलं. "बसा." मी बसलो. मॅडम हरकत घेत राहिल्या. ती नोंदवली गेली, म्हणजे फायलीत गेली.

काकांना पान दाखवण्यात आलं. सही माझी नाही म्हटलं असतं तर निदान तपास तरी लागला असता. त्यांनी रेघेवर बोट ठेवलं. "सही माझीच हाय. पन कागूद ह्यो नाय."

कारकुनाने लिहून घेतलं : सही मान्य.

जिन्यावर त्यांनी मला विचारलं, "तुला कवा कळलं?" मी नागोठणं म्हणालो. ते एकटेच जिना उतरून गेले.

उधाणात खांड रुंदावली. काकांच्या शेतात आता भरतीला होडी जाते. भरावाला मिळालेल्या परवानगीविरुद्ध मॅडमचं अपील चालू आहे, त्यासाठी ते अधूनमधून ऑफिसात येतात. कागद पुढे केला की माझ्याकडे बघतात, मग मी मथळ्यापासून सगळा मजकूर मोठ्याने वाचतो. ते शेवटपर्यंत ऐकून घेतात आणि शाईच्या पॅडसाठी अंगठा पुढे करतात. सही करणं त्यांनी सोडलं आहे.