चार नावांची फर्माईश

कौशल्या माझ्या नजरेत पहिल्यांदा भरली ती गणेशपेठेतल्या पोस्टात, १९७४च्या उन्हाळ्यात. टेबलाशी उभी राहून ती पोस्टकार्डं लिहीत होती. पहिलं निळ्या शाईनं, तिरप्या अक्षरात. दुसरं हिरव्या शाईनं, उभ्या अक्षरात. तिसऱ्यासाठी तिनं पेन डाव्या हातात घेतलं. वीस वर्षं मुलांची अक्षरं तपासलेली मी. राहवलं नाही, डोकावले. सगळी कार्डं रेडिओवरच्या रविवारच्या फर्माईशीसाठी होती. खाली नावं मात्र वेगवेगळी: दादाजी, जिजाबाई, कृष्णकांत, प्रमोदिनी. चौघंही माझ्या समोरच्या घरातली.

"चार नावांनी कशाला गं?"

"एका रविवारी एका नावाचं एकच कार्ड वाचतात, बाई," ती शाई फुंकत म्हणाली. "अन् माह्या नावानं धाडून मले काय मिळणार हाये?"

बाहेरच्या पायरीवर बसून तिनं सगळं सांगितलं. ती एका टेलरकडे काज-बटणाचं काम करी. माघात ही चौघं तिला कृष्णकांतसाठी पाहायला आली होती. गाणं म्हण म्हणाले, म्हणून तिनं भजन सुरू केलं. दुसऱ्याच ओळीला कृष्णकांतच्या आईनं, जिजाबाईंनी, हात वर केला. "बस कर वं पोरी. आमच्या घरी रेडिओ हाये." सगळे हसले. कृष्णकांतही हसला.

"नकार दिला त्याचं काही नाही, बाई. पण माहं गाणं मधातच तोडलं. तो रेडिओ बंद पाडल्याशिवाय मी राहत नाही."

मी तिला रागवायला हवं होतं. त्याऐवजी म्हटलं, "जिजाबाईंना लिहिता येत नाही. त्यांचं कार्ड त्यांच्या लेकीच्या, प्रमोदिनीच्या अक्षरात हवं." तिनं ते कार्ड फाडून नवं लिहिलं.

ते लोक खिडक्या उघड्या टाकून रेडिओ लावत, गल्लीनं ऐकावा म्हणून. पहिल्या रविवारी ऐंशी वर्षांच्या दादाजींच्या नावानं अंगाईगीत लागलं. गल्ली खो-खो हसली. पुढच्या रविवारी जिजाबाईंनी विरहाचं गाणं मागितल्याचं सगळ्यांनी ऐकलं. सोमवारी नळावर बायका विचारू लागल्या, "मावशी, कोन सोडून गेलं वं तुम्हाले?" मग कृष्णकांतच्या नावानं सासरी निघालेल्या मुलीचं गाणं आलं. पानठेल्यावरची पोरं त्याला ओरडली, "काय गा, कधी निघून राहिला सासरी?"

पाचव्या रविवारी त्यांचा रेडिओ बंद होता. पण शेजारच्या घरांतले चालूच होते, आणि नावं तिथून ऐकू येतच होती.

जिजाबाई मूर्ख नव्हत्या. कुणाला दुखावलं, याचा हिशेब करत त्या टेलरच्या दुकानी पोचल्या. मी ब्लाउज घ्यायला गेले होते.

"तूच धाडतं नं वं ते कार्डं?"

"हो, मावशी."

"काहून आमची इज्जत काढून राहिली? हात जोडतो तुले, बंद कर."

"करतो. पन आधी माहं गाणं ऐका. पुरं. चौघंही."

रविवारी कौशल्या त्यांच्या घरी आली, नेमकी फर्माईशीच्या वेळी. माझ्या ओट्यावरून सगळं दिसत होतं. ती खुर्चीवर बसली, चौघं समोर सतरंजीवर. खरं सांगायचं तर तिचा आवाज बेताचाच होता, वरच्या सुरात चिरकत असे. अर्ध्यावर कृष्णकांत पाय मोकळा करायला हलला. ती थांबली आणि पहिल्या ओळीपासून पुन्हा सुरू झाली. नंतर जिजाबाई खोकल्या. पुन्हा पहिल्या ओळीपासून. तिसऱ्या खेपेला कुणी पापणीही हलवली नाही.

भजन संपलं. प्रमोदिनीनं चहा आणला, कौशल्यानं कपाला हात लावला नाही.

"आणखी एक म्हण, पोरी," दादाजी म्हणाले. ते मनापासून म्हणाले होते.

"नाही," ती म्हणाली आणि चप्पल घालून निघून गेली.

कार्डं थांबली. संध्याकाळी मी तिला विचारलं, राग गेला का? "गेला नाही बाई," ती म्हणाली, "पण आता झोप येते." पुढं जिजाबाई वारल्या, तेव्हा सारी गल्ली त्यांच्याकडे गेली होती. कौशल्या आली नाही.

कौशल्या आता काटोलला भावाच्या घरी, मागच्या खोलीत राहते. मागच्या महिन्यात तिच्या डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं.