वाघाच्या ग्रुपातली माणसं

आमच्या गडचिरोलीकडच्या वन कार्यालयात फाइली वर्षानुवर्षं जागच्या हलत नाहीत, किस्से मात्र रोज एक नवा! मी तिथला सर्व्हर सांभाळतो. जंगलातल्या कॅमेऱ्यांचे फोटो त्यावर येतात. ज्याचं नाव ‘वाघ’ ग्रुपमध्ये, त्यालाच ते दिसतात. नावं घालायची-काढायची काळ्या स्क्रीनवर कमांड टाइप करून, आणि ते फक्त मला येतं. त्यामुळे चहा फुकट!

*

हजेरी बघणाऱ्या राऊतबाईंना ‘वाघ’मध्ये घेतलं. कमांडमध्ये एक ‘ए’ टाकायचा राहिला. तो नसला की जुने सगळे ग्रुप जातात, नवा तेवढा उरतो. बाईंनी नव्यानं लॉगइन केलं आणि पाच मिनिटांत माझ्यापुढे हजर.

“भाऊ, वाघ दिसून राह्यला, पण हजेरीपट कुठी गेला?”

त्या दिवशी अख्खं ऑफिस गैरहजर!

*

पुण्याहून नवे साहेब आले. म्हणाले, “सगळ्या ग्रुपमध्ये माझं नाव पाहिजे.”

“सर, ‘बंद’ ग्रुप सोडून ना? त्यात निलंबित लोक...”

“सगळ्या म्हणजे सगळ्या!”

घातलं. ‘बंद’मधल्यांना लॉगइनच होत नाही. साहेब दोन दिवस नुसतेच खुर्चीवर. तिसऱ्या दिवशी मला बोलावून हळूच म्हणाले, “एक सोडून सगळ्या.”

*

वनरक्षक मडावीभाऊ रिटायर झाले. आदेश आला, नाव आजच काढा. भाऊ कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरवर लॉगइन करून बसलेले. त्यांच्या जंगलातली लंगडी वाघीण कित्येक दिवस एकाही कॅमेऱ्यात आली नव्हती.

“जित्ती हाय का नाई, तेवढं पाहू दे गा.”

कमांड मारली, नाव काढलं, तसं साहेबांना कळवलं. पण नाव काढलं तरी आधीच आत असलेला माणूस लॉगआऊट करेपर्यंत आतच राहतो. कॉम्प्युटरवर चिठ्ठी लावली, ‘बंद करू नये. आदेशावरून.’ कुणाचा आदेश, हे साहेबांनीही विचारलं नाही!

भाऊ रोज सकाळी येत, नवे फोटो बघत आणि निघून जात. सतराव्या दिवशी ओरडले, “इकडं ये!”

फोटोत लंगडी होती. मागे दोन पिल्लं. भाऊ खूप वेळ बघत राहिले. मग चष्मा पुसला आणि स्वतःच लॉगआऊट केलं.

“काऊन भाऊ? आता परत दिसणार नाई तुम्हाले!”

“लेकुरवाळी हाय आता ते. तेवढीच एका माणसाची गर्दी कमी.”