माझी मुलगी धंदा सोडून फौजेत का चालली

"उसव. इथंच बसून उसव."

एवढं बोलून साहेबांनी नवा शर्ट माझ्या अंगावर फेकला. रोह्याच्या एका कंपनीचं पटांगण. झेंडावंदनाची सकाळ. सिक्युरिटीचे गार्ड रांगेत उभे, सगळ्यांच्या अंगावर आमच्या शेडमध्ये शिवलेले गणवेश. आणि त्यांचे मोठे साहेब मधोमध बनियनवर. शर्टाची बटणं पोटावर लागत नव्हती.

मी खडीवर बसले. पिशवीतून ब्लेड काढलं आणि शिवण उसवायला लागले.

"चौथी शिकलेल्या बाईच्या हातात टेप दिल्यावर हेच होणार. आकडे तरी कळतात का गं तुला?"

मी मान वर केली नाही. मला चार माणसांत बोलता येत नाही. लहानपणी शाळा सोडून आईबरोबर मिठागरावर जायचे, तेव्हाही मुकादम ओरडला की मी पायांकडे बघायचे. नवरा गेल्यावर शिवणाचं मशीन घेतलं. पेणमध्ये ब्लाउज शिवून एकुलत्या एका मुलीला बी.कॉम. केलं. गणवेशांचा धंदा तिनं उभा केला. सहा मशीन, सहा बायका, कंपन्यांच्या ऑर्डरी. तिला सगळे मॅडम म्हणतात. मी माप घेते आणि कापते.

साहेबांचं माप घेतलं तेव्हा ती माझ्या शेजारी वही घेऊन उभी होती. मी टेप लावायला गेले तर साहेब म्हणाले, "लांबून, लांबून. अंगाला हात नको." मग टेप स्वतःच धरला, पोट आत ओढलं आणि आकडा मोठ्यानं वाचला. "लूज अजिबात नको. टाइट पाहिजे." मुलीनं लिहून घेतलं. माप देताना पुरुष पोट आत ओढतात, म्हणून शिवणारा दोन बोटं जास्त धरतो. मी घरी तसं म्हटलंही. ती म्हणाली, "आई, साहेबांनी सांगितलंय तसंच काप. वाद नको."

म्हणजे तिला सगळं ठाऊक होतं.

मी खडीवर बसले होते आणि ती साहेबांसमोर हात बांधून बोलत होती. "सॉरी सर. चूक आईचीच आहे. शिकलेली नाही ना. यापुढे हिला आणणार नाही."

हिला.

साहेबांचं बोलणं मी गिळलं असतं. आजवर तेच केलं. पण हे गिळेना. मी उठले.

"साहेब, मला आकडे कळतात. माप देताना तुम्ही पोट आत ओढलं होतंत."

रांगेत कोणीतरी फिसकन हसलं.

"बाहेर काढा हिला!"

कोणी काढायच्या आधी मीच निघाले. अर्धा उसवलेला शर्ट खुर्चीवर ठेवला. वाटलं, मुलगी मागून येईल. गेटपर्यंत वळून बघितलं नाही. गेटवर बघितलं. ती खडीवर बसून शर्ट उसवत होती.

एकटीच एसटीनं पेणला आले.

ती दुपारी आली. ऑर्डर हातची गेली नव्हती. जेवली नाही. तिसऱ्या दिवशी ती शेडमध्ये माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"आई, मी तुला विकलं."

मी "नाय गो" म्हटलं नाही. म्हणायला हवं होतं असं आजही वाटत नाही.

कॉलेजात ती एनसीसीत होती. फौजेतल्या अधिकाऱ्याच्या परीक्षेचा अर्ज तिनं त्याच आठवड्यात भरला. दिवसा ऑर्डरी, सकाळी धावणं, मधल्या वेळात पुस्तकं. पहिल्या वेळी नापास झाली, पुन्हा बसली. आता निवड झाली आहे.

माझी जाऊ म्हणते, "चालता धंदा टाकून काय गो हे खूळ? नवऱ्यालाही सलाम ठोकायला लावील ती!" मुलगी हसून सांगते, देशाची सेवा करायची आहे. खोटं नाही ते. पण अर्धंच आहे.

मी तिला विचारलं होतं, "तिथं पण सर-सरच करायचं ना?"

"व्हय, करायचं. पण तिथं हाताखालच्या माणसाला पुढं ढकलून मागं लपलं तर त्याला अधिकारी म्हणत नाय कोण. इथं त्याला धंदा म्हणतात, आई. मला ते चांगलं जमायला लागलं होतं. त्याची भीती वाटली."

फौजेत तसं खरंच असतं का, मला माहीत नाही. माणसं तिथंही आपल्यातलीच जातात.

शेड आता मी चालवणार. सहाही जणींना विचारून त्या कंपनीचं काम बंद केलं. फोन मीच केला.

सोमवारी ती ट्रेनिंगला जाईल. ती बॅग भरत होती तेव्हा मी तिला सांगितलं, "हाताखालच्या एकाही माणसाला पुढं करून तू स्वतःला वाचवलंस असं माझ्या कानावर आलं, तर या घरात येऊ नको. खांद्यावर किती का स्टार असेनात."

ती "व्हय" म्हणाली.

तिच्या त्या शब्दावर मी अजून विश्वास ठेवलेला नाही. मी बघणार आहे.