कोडी कठीण झाली तो पंधरवडा

आमच्या ओसरीवर रोज सकाळी आठ वाजता दोन माणसं पेपरातल्या शब्दकोड्यावर तुटून पडतात. एक आमचे हे, एसटीतून कंट्रोलर म्हणून निवृत्त झालेले. दुसरे गुरुजी, आमच्याच गल्लीच्या टोकाला राहतात. घाटंजीतल्या अर्ध्या गावाला त्यांनी शाळेत शिकवलं आणि उरलेल्या अर्ध्याला ते अजून रस्त्यात गाठून शिकवतात. पेपर आमच्याकडे येतो, चहा मी करते, आणि पेन गुरुजींच्या खिशातलं असतं.

ह्या कोड्याचं वैशिष्ट्य असं, की त्याला रोज एक विषय असतो. वरच लिहिलेलं असतं, आज नद्या, आज पक्षी, आज दागिने. बहुतेक उत्तरं त्या विषयातली. गुरुजी एकेक सूचक वाक्य मोठ्याने वाचतात, मग दोघं उत्तरं सुचवतात, आणि ज्याचं बरोबर निघेल त्याच्या नावाने समासात एक रेघ ओढायची. समासात दोन रकाने. एक गुरुजींचा, एक ह्यांचा. आठवड्याभरात ज्याच्या रेघा कमी, त्याने रविवारी दोघांसाठी तर्री-पोहे आणायचे. हा नेम बारा वर्षं चालू होता.

आता ह्यात माझा भाग सांगते. ओसरी आणि स्वयंपाकघर ह्यांच्यात एक भिंत आणि एक खिडकी आहे. गुरुजींचा आवाज शाळेच्या मैदानावर तयार झालेला, त्यामुळे कणिक मळताना मला प्रत्येक वाक्य ऐकू यायचं. बाहेर दोघं अडले, की मी खिडकीतून उत्तर टाकायची. "टिटवी!" मग गुरुजी म्हणायचे, "हो, थेच तर मी म्हनून राह्यलो होतो." आणि रेघ त्यांच्या रकान्यात. कधी आमचे हे चपळाईने म्हणायचे, "मायाही तोंडावरच होतं." मग रेघ ह्यांच्या रकान्यात. माझ्या उत्तरावर दोघांची ओढाताण व्हायची आणि दोघांपैकी कुणालाही ते माझं आहे असं वाटायचं नाही.

पेपर माझ्या हातात यायचा तो दुपारी, कोडं भरून झाल्यावर. तो जुना झाला की मी डब्यांच्या फळीवर अंथरायची. तुरीच्या डाळीचा डबा उचलला की खाली गुरुजींच्या वळणदार अक्षरात माझी उत्तरं दिसायची. ती बघून मी चिडत असे. मला तर्री-पोहे नको होते. मला समासात तिसरा रकाना हवा होता, आणि तो मागून घ्यायची मला लाज वाटत होती. मागून मिळालेल्या मानाला काय चव?

आम्ही बंजारा. माझं माहेर घाटंजीपासून तासाभरावरचा तांडा. घरात आम्ही नवरा-बायको अजूनही गोरबोलीत बोलतो, दारात कुणी आलं की वऱ्हाडीत. मराठी मी पहिलीत गेल्यावर शिकले, पाटीवर एकेक शब्द लिहून. ज्या भाषेसाठी एवढी मेहनत केली, ती मला घरच्या भाषेइतकीच आवडते. हे सांगायचं कारण म्हणजे पुढचा प्रसंग.

मागच्या थंडीत एक दिवस विषय होता नातीगोती. मी खिडकीतून तीन उत्तरं दिली. दोन बरोबर होती, एक घरं मोजण्यात चुकलं. गुरुजी हसत म्हणाले, "वहिनी, तुमच्या घरी गोरबोली. तुमची मराठी शाळेतली, शिकून घेतलेली, शिकेल मराठी. आमची जन्माची. हे काम आमच्यावर सोडा." त्यात वाईट हेतू नव्हता, हे मला तेव्हाही कळत होतं. पण आमचे हेही हसले! ज्यांची स्वतःची मराठी माझ्याच बरोबरीने पाटीवर आली, ते हसले. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी खिडकी लावली नाही, भांडी आपटली नाहीत. मी फक्त ठरवलं, की आता ह्या खिडकीतून एक अक्षर बाहेर जाणार नाही.

पहिल्या दिवशी पाच घरं रिकामी राहिली. दुसऱ्या दिवशी सात. तिसऱ्या दिवशी विषय होता झाडं. गुरुजी 'रानातील ज्वाळा, तीन अक्षरी' असं चार वेळा वाचत होते. आमच्याकडे फाल्गुनात सगळं रान पळसाने पेटतं, आणि हे दोघं वणवा घालू का म्हणून चर्चा करत होते. मी ओठ दाबून भाकरी थापत राहिले. भाकरी इतक्या जोरात थापली, की ती मधोमध फाटली.

चौथ्या दिवशी दोघांनी निष्कर्ष काढला. तो ऐकून मला हातातलं काम सोडून हसावंसं वाटलं.

"कोडं बनवनारा बदलला वाटते," आमचे हे म्हणाले.

"शंभर टक्के," गुरुजी म्हणाले. "कोनी नवीन पोरगा घेतला असन. सामान्य मानसाले झेपत नाई असे शब्द टाकून राह्यला."

बारा वर्षं ऐकू येणारा एक आवाज बंद झाला, हे दोघांच्याही ध्यानात आलं नाही. त्यांच्या मते दोष पेपरचा. गुरुजी एवढ्यावर थांबणारे नव्हते. त्यांनी संपादकांना पत्र लिहिलं आणि ओसरीवर वाचूनही दाखवलं. 'आपल्या दैनिकातील शब्दकोडी अलीकडे अकारण क्लिष्ट झाली असून सामान्य वाचकाचा त्यामुळे हिरमोड होत आहे. तरी याचा सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा.' मी चहाचे कप ठेवायला बाहेर आले होते. "छान लिहिलं," मी म्हटलं. गुरुजी खूश झाले.

पत्र छापून आलं! गुरुजींनी ते कात्रण मेडिकलवाल्याला दाखवलं, न्हाव्याला दाखवलं, बँकेच्या रांगेत दाखवलं. आणि गंमत म्हणजे गावातल्या लोकांनाही एकदम कोडी कठीण वाटायला लागली. "हो बापा, माह्याच्यानंही जमून नाई राह्यलं," असं मेडिकलवाला म्हणाला म्हणे. त्याने जन्मात कोडं सोडवलेलं नाही. पत्रानंतर कोडी उलट थोडी सोपीच झाली असावीत, निदान मला तरी तसं वाटलं. तरी आमच्या ओसरीवर चार-पाच घरं रिकामीच राहायची.

दहा-बारा दिवस गेले. रागाची धार बोथट होत चालली होती, आणि गप्प बसून माझं काय साधलं होतं? कोडी कठीण झाल्याची बातमी तेवढी. उत्तरं देत होते तेव्हा माझा हिशोब नव्हता, देत नव्हते तेव्हाही नव्हता. हे लक्षात आलं तेव्हा मला रडू आलं, खरंच आलं.

दुसऱ्या दिवशी साडेसहाला पेपर पडला. हे फिरायला गेले होते. मी गेटातून पेपर उचलला, सवयीने कोड्याचं पान उघडलं. वर लिहिलं होतं, आजचा विषय: न्यायालय.

मी ह्यांच्या खुर्चीत बसले. फ्रिजवर ठेवलेलं दुधाच्या हिशोबाचं पेन घेतलं. पेन्सिल नाही, पेन.

न्यायालय मला कुठल्या पुस्तकातून माहीत नव्हतं. आमच्या शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, शेजाऱ्याशी माझ्या बापाचा दावा चालला होता. बापाला वाचता येत नव्हतं. मी पाचवीत होते तेव्हापासून तो प्रत्येक तारखेला मला यवतमाळला घेऊन जायचा, शाळा बुडवून. वकिलाने दिलेला प्रत्येक कागद मी कोर्टाच्या आवारातल्या कडुनिंबाखाली बसून त्याला वाचून दाखवायची आणि त्याचा अर्थ गोरबोलीत सांगायची. शब्द अडला की तो मला कारकुनाकडे पिटाळायचा. "ईचारून ये. न समजता अंगठा देनार नाई मी." निकाल आमच्या बाजूने लागला तेव्हा मी मॅट्रिकला होते.

त्यामुळे पेन थांबतच नव्हतं. आडवा शब्द, पंचांसमोर केलेली नोंद, चार अक्षरी: पंचनामा. उभा, शिपायाने नाव घेऊन दिलेली हाक, तीन अक्षरी: पुकारा. प्रतिवादीचे लेखी उत्तर, चार अक्षरी. हे वाचून मी मोठ्याने हसले. कैफियत! शेजाऱ्याची कैफियत मी बापाला तीनदा वाचून दाखवली होती आणि तिन्ही वेळा त्याने शिव्या दिल्या होत्या. तिच्या शेवटच्या 'त' वरून खाली उतरलं, पुढे ढकललेले कामकाज: तहकूब. आमचं कामकाज इतक्या वेळा तहकूब झालं होतं, की हा शब्द मी कधी विसरणं शक्य नव्हतं.

एकच जागा राहिली. हजर राहण्याची लेखी हमी, चार अक्षरी. 'पुकारा'च्या मधल्या 'का' मुळे शेवटचं अक्षर मिळालं होतं, आधीची तीन सुचेनात. दूध उतू गेलं, त्याचा वास आला, तरी मी उठले नाही. डोळे मिटून निंबाखाली बसल्यासारखी बसले. आमच्या बाजूलाच एक बाई बसायची, आपल्या मुलाला सोडवायला आलेली. ती काय म्हणायची? मुचलका भरला की सुटते. मुचलका! शेवटचं घर भरलं. मी पेपर घडी करून खुर्चीवर ठेवला आणि गॅस पुसायला गेले.

आठ वाजता गुरुजींनी पान उघडलं आणि त्यांचं पेन खिशातच राहिलं.

"हे कोनं भरलं?"

"मी," मी खिडकीतून म्हटलं. पंधरा दिवसांत त्या खिडकीतून गेलेला माझा पहिला शब्द.

गुरुजींनी चष्मा चढवला आणि एकेक शब्द तपासायला घेतला, पेपर तपासावा तसा. शेवटी त्यांना हवं ते सापडलं. "वहिनी, कैफियत म्हंजे गाऱ्हानं. इथं प्रत्युत्तर पाह्यजे. चार अक्षरं बराबर बसते."

"मग तहकूबचा 'त' कुठून आणाल?"

"थो शब्द दुसरा काही असन."

"उद्या उत्तर येते," मी म्हटलं. "उद्या पाहू." तो दिवस मी कसा काढला ते मलाच माहीत. मी दोनदा भाजीत मीठ टाकलं. मला माझ्या शब्दाची खात्री होती, पण पेपर चुकला तर? छापील चुकीशी कोण भांडणार?

दुसऱ्या दिवशी गुरुजी सात वाजता हजर. पेपर त्यांनीच उघडला. आतल्या पानावर, कोपऱ्यात, कालच्या कोड्याचं उत्तर. ते वाचत गेले, मी कालचं पान धरून उभी होते. पंचनामा. पुकारा. मुचलका. मग ते थांबले आणि त्यांनी पेपर माझ्यापुढे धरला. कैफियत. खाली तहकूब. एकही घर चुकलं नव्हतं.

"कोनं शिकवलं हे तुम्हाले?"

"माझ्या बापानं. त्याला वाचता येत नव्हतं."

आमचे हे माझ्याकडे टक लावून बघत होते. एसटीच्या गाड्यांचा ताळमेळ आयुष्यभर लावलेला माणूस, आता कुठे त्यांना हिशोब लागला. "अवं, म्हंजे पंधरा दिवस तू गप होती काय? काहून?"

"शिकेल मराठी ना माझी. म्हटलं जन्माच्या मराठीवर सोडावं."

गुरुजींचा चेहरा पडला. मग त्यांना आपलं पत्र आठवलं असावं, कारण ते कपाळावर हात मारून हसायला लागले, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "अन् मी सगळ्या गावाले कातरन दाखवत फिरलो! आता थे पत्र मागं कसं घेऊ?"

"मागे कशाला? त्याला उत्तर देते मी."

"द्या बरं," ते म्हणाले. त्यांना वाटलं मी गंमत करते आहे.

मी त्याच दुपारी बसले. तीन कागद फाडले, चौथा पाठवला. आठ दिवसांनी गुरुजी सकाळी गेटातून पेपर उचलून उभ्याउभ्याच वाचत आत आले. मी बाहेर आले तेव्हा ते ओसरीच्या मधोमध उभे होते आणि शाळेच्या आवाजात वाचत होते:

'संपादक महोदय, आपल्याकडे कोडी कठीण झाल्याची तक्रार छापून आली होती. कोडी होती तशीच आहेत. ज्या ओसरीवरून ती तक्रार आली, तिथे स्वयंपाकघरातून रोज चार-पाच उत्तरं जात होती. ती पंधरा दिवस बंद होती. आता पुन्हा सुरू झाली आहेत, पण यापुढे माझ्या नावावर.'

त्याखाली माझं नाव होतं. गुरुजींनी ते आडनावासकट, घाटंजीसकट वाचलं. बारा वर्षं त्यांनी मला वहिनी म्हणून हाक मारली होती. त्यांच्या तोंडून माझं नाव मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.

"पुन्हा वाचा," मी म्हटलं, आणि त्यांनी वाचलं.