शुक्रवारचं इम्परेटिव्ह

आमच्या स्वयंपाकघरात डबे मोजके आणि झाकणं मात्र ढीगभर. ती कुठून येतात, घरात कोणालाच माहीत नाही. शुक्रवारच्या वर्गातल्या किश्शांचंही तसंच झालंय. एक काढायला जावं तर सोबत चार घरंगळत येतात. त्यातले निर्मलाचे मात्र मला ओळीने पाठ आहेत, कारण त्या वर्षी परीक्षा तिची होती आणि धास्ती मी घेतली होती.

आधी वर्ग कसला ते सांगते. मी नायगावला राहते आणि सकाळच्या शाळेत इंग्रजी शिकवते. वालीवचे बरेच कारखाने शुक्रवारी बंद असतात. म्हणून दर शुक्रवारी दुपारी तिथल्या एका बालवाडीच्या खोलीत मी पाच बायकांना दहावीचं इंग्रजी शिकवायला लागले. सगळ्या कारखान्यात काम करणाऱ्या आणि बाहेरून परीक्षेला बसणाऱ्या. खुर्च्या बालवाडीच्याच. त्यात बसायचं म्हणजे गुडघे हनुवटीला लागायचे, पण एकीनेही कधी तक्रार केली नाही.

निर्मला खाडीकाठच्या गावातली, वय अडतीस. एका पॅकिंग कंपनीत चौदा वर्षं बॉक्स तपासत होती. तिच्या लाईनवर सुपरवायझरची जागा निघाली होती. साहेबांनी तिला सांगितलं होतं, दहावी पास झालीस तर जागा तुझी, निकालापर्यंत थांबतो, नाहीतर बाहेरचा माणूस ठरलेला आहे. तिचे बाकीचे विषय सुटले होते. इंग्रजीत दोनदा नापास झाली होती आणि ही तिसरी खेप होती.

*

फिगर्स ऑफ स्पीच, म्हणजे अलंकार, शिकवताना मी म्हटलं, उदाहरणं पुस्तकातली नकोत, रोजच्या बोलण्यातली आणा. हौस मला!

पुढच्या शुक्रवारी संगीताने पहिलं उदाहरण दिलं. ती प्लास्टिकच्या कारखान्यात होती. म्हणाली, "आमचे साहेब म्हणतात, कंपनी इज अ फॅमिली."

मी खूश. 'लाइक' नाही, 'ॲज' नाही, सरळ मेटाफर. फळ्यावर लिहिलंसुद्धा.

मागून फिलोमिना म्हणाली, "टीचर, ही आयरनी आहे." फिलोमिना किनाऱ्याकडच्या ख्रिस्ती आळीतली, संगीताच्याच कारखान्यात. तिच्या जिभेला धार होती आणि ते तिला ठाऊक होतं.

"आयरनी कशी?" मी विचारलं.

"मागच्या महिन्यात माझा पाय मुरगळला, तर फॅमिलीने हाफ डे लावला."

वर्गात दोन तट पडले. अर्धा तास मेटाफर की आयरनी यावर रणधुमाळी. निर्मला तेवढी वही उघडून बसली होती. शेवटी तिने हात वर केला. "मॅडम, यो दोन मार्कांचा हाय ना? मंग दोन्ही लिवू का?"

एकच लिहायचं, असं मी सांगितलं. तिने दोन्ही खोडून टाकले.

*

जानेवारीत मी सराव परीक्षा घेतली. त्यात एक छोटी इंग्रजी कविता मीच रचून घातली होती. कवितेत वारा गाणं गात होता. फिगर ऑफ स्पीच ओळखा. वाऱ्याला माणूस केलं म्हणून पर्सॉनिफिकेशन, दोन मार्क, डोळे मिटून मिळणारे.

निर्मलाने लिहिलं होतं, "देअर इज नो फिगर ऑफ स्पीच. इन माय हाऊस विंड इज रिअली सिंगिंग."

मी बोलावून विचारलं, तर म्हणाली, "आमच्या पत्र्याला भोकं हायत, मॅडम. वारा खरंच गातो. तुमी येवा एकदा ऐकायला."

मी शून्य दिलं. परीक्षकही शून्यच देणार होते, मग उगाच लाड कशाला? तिला एकूण तेहतीस मिळाले. ते दोन मार्क दिले असते तर बरोबर पस्तीस झाले असते, म्हणजे काठावर पास. तिने पेपर घडी करून पिशवीत ठेवला. मला मात्र स्वतःचा राग आला, आणि तो राग मी संध्याकाळी घरी नवऱ्यावर काढला.

*

मग वाक्यांचे प्रकार आले. इम्परेटिव्ह म्हणजे ज्यात आज्ञा असते किंवा विनंती असते. ऑर्डर किंवा रिक्वेस्ट. 'प्लीज' लावलं की बहुतेक वेळा रिक्वेस्ट. मी म्हटलं, दहा उदाहरणं द्या.

पाच जणींनी मिळून फळा भरून टाकला. ब्रिंग टी. वर्क फास्ट. डोंट टॉक. कम हिअर. गो देअर. सर्व्ह फूड. लिहायला खडू पुरेना. माझ्या शाळेतल्या पोरांना तीन वाक्यं सुचवताना घाम फुटतो!

मग मी विचारलं, "ही सगळी तुम्ही ऐकता ती. आता तुम्ही दुसऱ्याला म्हणता ती सांगा."

खडू धरलेले हात खाली आले. शेवटी फिलोमिना म्हणाली, "टीचर, कुत्र्याला म्हटलेलं चालेल?"

सगळ्या हसल्या. मी हसले नाही. मी होमवर्क दिला की आठवड्यात एकदा तरी, प्लीज न लावता, कोणाला तरी ऑर्डर द्यायची.

पुढच्या शुक्रवारी हिशेब घेतला. संगीताने नवऱ्याला पाणी आणायला सांगितलं होतं. त्याने आणलं, आणि मग ताप आहे का म्हणून तिच्या कपाळाला हात लावून बघितला. फिलोमिनाचं कुत्रं जागचं हललं नव्हतं.

निर्मला उभी राहिली. "मना नाय जमलं. तोंड उघडलं की पयलं प्लीजच येतं."

*

त्याच दुपारी वर्ग सुटल्यावर ती मागे थांबली. साहेबांनी तिला केबिनमध्ये बोलावलं होतं, ते सांगायला. साहेब म्हणाले होते, "सर्टिफिकेट तू आणशील गं, पण लाईनवर तीस माणसं. तुझा आवाज कोण ऐकणार?"

"मग तू काय म्हणालीस?"

"काय नाय. तुमीच शिकवलंत ना, मॅडम? यो रेटॉरिकल क्वेश्चन. याला उत्तर द्यायचं नसतं."

बरोबर होतं तिचं. पेपरात असतं तर पूर्ण मार्क दिले असते. बाईने आयुष्यात पहिल्यांदा माझं व्याकरण वापरलं, ते गप्प राहायला. मी फळा पुसत राहिले, कारण तिच्याकडे बघायची माझी हिंमत नव्हती.

*

तोंडी परीक्षा वीस मार्कांची, नेमून दिलेल्या शाळेत. मी रजा टाकून फाटकाबाहेर उभी होते. निर्मला चिंचोटीच्या पलीकडून येणार होती आणि हायवेवर ट्रकांची रांग लागली होती. तिचा फोन लागत नव्हता. नंबर पुकारायला दहा मिनिटं उरली तेव्हा ती चालत आली, चपला हातात घेऊन. एकीचा अंगठा तुटला होता. रिक्षा हायवेवरच सोडून ती तिथून चालत निघाली होती.

ती आत गेली आणि पाच-सात मिनिटांत बाहेर आली. चेहरा पांढराफटक.

"काय झालं?"

"इचारू नका, मॅडम. माज्या तोंडातून भलतंच गेलं."

तिच्यानंतर फिलोमिनाचा नंबर होता, म्हणून ती दाराशीच उभी होती. तिचं आटोपल्यावर तिला विचारलं तर म्हणाली, "टीचर, तिने घातलेली शपथ आहे. मी नाही सांगणार." एरवी हिच्या पोटात तीळ भिजत नाही, आणि नेमकी त्या दिवशी हिला शपथ आठवली.

*

लेखी पेपराच्या दिवशीही मी झाडाखाली उभी होते. निर्मला सगळ्यांच्या शेवटी बाहेर आली. पत्रलेखन बरं गेलं होतं. कवितेचं रसग्रहण अर्धंच राहिलं होतं. वाऱ्याबिऱ्याचं काही आलं होतं का, हे मी विचारलंच नाही. बोटांवर हिशेब केला. कसेही ओढले तरी वीसच्या वर जाईनात. म्हणजे तोंडीला निदान पंधरा हवे होते.

"तोंडीला किती देतील, निर्मला? काही अंदाज?"

ती म्हणाली, "शून्य दिलं तरी त्यांची चूक नाय."

त्यानंतर निकालापर्यंत ती वर्गाला आली नाही. कंपनीत बाहेरचा माणूस येऊन लाईन बघून गेल्याची बातमी संगीताने आणली. त्या दिवसांत मी निर्मलाला तीनदा फोन केला आणि तिन्ही वेळा हवापाण्याचं बोलून ठेवून दिला.

*

निकाल लागला त्या दिवशी दुपारी मी फिलोमिनाच्या मोबाईलवर निर्मलाचा सीट नंबर टाकला. माझा चष्मा डोळ्यांवर असून मी तो पर्समध्ये शोधत होते.

इंग्रजी, छत्तीस. पास!

पुढच्या शुक्रवारी निर्मला पेढे घेऊन आली. गुण छापून काढलेला कागद तिने साहेबांच्या टेबलावर ठेवला होता आणि सोमवारपासून लाईन तिच्याकडे होती. पेढा तोंडात टाकला आणि मी तिला कोपऱ्यात गाठलं. लेखीचे वीस धरले तर तोंडीचे सोळा होत होते. "आता तरी सांग. काय बोललीस आत?"

ती फिलोमिनाकडे बघायला लागली. फिलोमिना म्हणाली, "सांग गं. आता मार्क परत थोडीच घेतायत?"

मग निर्मलाने सांगितलं. परीक्षक मॅडम तरुण होत्या, मोबाईलमध्ये डोकं घालून बसलेल्या. न बघता त्यांनी विचारलं, गिव्ह वन इम्परेटिव्ह सेंटेन्स. निर्मला म्हणाली, प्लीज ब्रिंग वॉटर. मॅडमना ऐकूच गेलं नाही. त्यांचा अंगठा मोबाईलवर फिरतच होता. "लाऊडली," त्या म्हणाल्या. निर्मला पुन्हा म्हणाली, प्लीज शट द डोअर. तेही ऐकू गेलं नाही. मॅडमनी मान वर न करताच पेन उचललं आणि तिच्या नंबरासमोरच्या चौकटीत टेकवलं.

"मना ता पेन दिसलं, मॅडम," निर्मला म्हणाली. "चौदा वर्सं दिसली. आनि तोंडातून गेलं, कीप द फोन डाऊन. लिसन टू मी."

"मग?"

"ठेवला. पालथा. आनि पयल्यांदा माज्या तोंडाकडं बघितलं."

"आणि काय म्हणाल्या?"

"म्हनल्या, ऑर्डर ऑर रिक्वेस्ट?"

"तू काय सांगितलंस?"

निर्मलाने पेढ्यांचा बॉक्स बंद केला, सवयीने चारही कोपरे दाबून बघितले आणि म्हणाली, "ऑर्डर."