रेडिओबाईंनी न वाचलेलं प्रकरण

शर्टांच्या त्या कारखान्यात काज-बटणाच्या खोलीत मशिनं नव्हती. सगळं हातकाम, म्हणून तिथे वाचन चालायचं. एकीने पुस्तक वाचायचं आणि तिच्या वाटणीची बटणं बाकीच्यांनी लावून टाकायची, असा बायकांचा आपसातला करार होता. आवाज खणखणीत आणि टाका मात्र वाकडा, असं जिचं होतं तिच्याच गळ्यात हे काम कायमचं पडलं आणि तिचं नाव रेडिओबाई झालं. मुकादम कुरकुरायचा, पण गोष्ट ऐन रंगात आली की तोही दारात रेंगाळायचा.

आता रेडिओबाईंचे केस पिकले होते आणि त्या वेळी वाचलेल्या एका जाडजूड, जुन्या अंतराळ-कादंबरीवर टीव्हीवाल्यांनी मालिका काढली होती. अंतराळयानं बांधणाऱ्या एका म्हाताऱ्याचा मुलगा बापाशी भांडून दूरच्या ताऱ्यांकडे निघून जातो, अशी ती गोष्ट. मालिका सुरू झाली आणि जो तो परीक्षक झाला. रेडिओबाईंच्या भाचीला यान कुकरसारखं दिसलं. दर रविवारी भाग संपला की टीव्हीवर प्रेक्षकांचे फोन घेत, त्यात एक गृहस्थ नेमाने यायचे आणि पुस्तकातला यंत्रमानव उंच होता, हा बुटका कुठून आणला, म्हणून चिडायचे. टीव्हीवाल्यांनी पुस्तकाची पार वाट लावली, यावर सगळ्यांचं एकमत होतं.

रेडिओबाई मालिका बघायला कटरबाईंच्या खोलीवर जायच्या. कटरबाई म्हणजे काज-बटणाच्या शेजारी लांबलचक टेबलावर कापड बेतणाऱ्या. त्यांची तक्रार वेगळीच होती. नायकाच्या पोशाखाला काखेत चुण्या पडतात, त्याला धड हात वर करता येत नाही, तो यान काय चालवणार, असं त्या दर रविवारी म्हणायच्या. रेडिओबाई हसायच्या खऱ्या, पण शेवटचा भाग जवळ येऊ लागला तसं त्यांचं हसणं कमी होत गेलं.

कारण कारखान्यात त्या पुस्तकाचं वाचन चाललं होतं त्याच दिवसांत कटरबाईंचा मुलगा घर सोडून गेला होता. त्याला शिवणकामात यायचं नव्हतं. शब्दाला शब्द वाढला आणि कटरबाईंनी रागाच्या भरात त्याची पिशवी दाराबाहेर भिरकावली. पोराने ती उचलली आणि तो दूरच्या शहरात एका गॅरेजमध्ये कामाला लागला. पत्ता कळला होता, पण जायचं कुणी? गोष्टीतला मुलगा भांडून निघाला तेव्हा पलीकडच्या टेबलावरची कात्री थांबली, ती रेडिओबाईंना स्पष्ट ऐकू आली.

दुसऱ्या दिवशीचा मजकूर आदल्या संध्याकाळी घरी वाचून ठेवायची त्यांना सवय होती. पुस्तक संपत आलं तेव्हा एका संध्याकाळी गोष्टीतल्या मुलाचं यान बंद पडलं, संदेश तुटला, आणि रेडिओबाईंनी पुस्तक मिटलं. पुढे अजून एक प्रकरण होतं, पण ते उघडायचा धीर त्यांना झाला नाही. दुसऱ्या दिवशी उघडं पुस्तक हातात धरून त्यांनी मनानेच शेवट सांगितला. मुलगा परत येतो, दार वाजवतो, म्हातारा दार उघडतो. कटरबाईंनी बाहीने डोळे पुसले आणि कात्री पुन्हा चालू लागली. आपण केवढं पुण्याचं काम केलं, असं रेडिओबाईंना कितीतरी वर्षं वाटत होतं. पुस्तक त्यांनी तसंच वाचनालयात परत देऊन टाकलं.

त्यानंतर कुणी कटरबाईंना म्हणालं, की एकदा जाऊन भेटून तरी ये, तर त्या म्हणायच्या, "आपल्या पायांनी गेलाय, आपल्या पायांनी येईल. तो गोष्टीतला आलाच ना?" म्हणताना थोडं हसायच्या. मग एके दिवशी मुलाच्या घरमालकाचा निरोप आला. साधा ताप आला होता म्हणे, तो डोक्यात गेला. अंत्यविधीही आटोपून गेला होता.

शेवटच्या भागाच्या दिवशी रेडिओबाई तयारीनेच गेल्या होत्या. मुलगा परत आला नाही, की टीव्हीवाल्यांच्या नावाने खडे फोडायचे. सगळं जग तेच करत होतं, त्यात आपलंही खपून जाईल. यान बंद पडलं, संदेश तुटला. रेडिओबाईंनी तोंड उघडलं, पण भाग संपलेला नव्हता. पडद्यावर तो म्हातारा कारखान्यातलं एक मोडकं यान दुरुस्त करत होता. शेजारीपाजारी त्याला वेड्यात काढत होते. तो आत चढला, पट्टे आवळले आणि निघाला. तिथेच गोष्ट संपली.

मग फोन सुरू झाले. नेहमीचे चिडके गृहस्थ आले आणि चक्क गहिवरले. बाकी सगळं बिघडवलं, पण शेवटचं प्रकरण पुस्तकात आहे तस्संच दाखवलं, म्हणाले. कटरबाईंनी टीव्ही बंद केला.

"पुस्तकात असंच होतं?"

अजूनही थाप मारता आली असती. पण रेडिओबाईंचा तो खणखणीत आवाज कुठे गेला कोण जाणे. तो शेवट आपल्या मनचा होता, पुढचं प्रकरण आपण वाचलंच नव्हतं, तुला बरं वाटावं म्हणून केलं, एवढं त्यांनी कसंबसं सांगितलं. आपण ते एक प्रकरण वाचायला हवं होतं, हे त्यांना आता कळत होतं, आणि आता कळून काही उपयोग नव्हता.

कटरबाई ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या मांडीवरच्या पदराची कड बोटाने सरळ करत राहिल्या.

"म्हणजे म्हातारा स्वतः गेला," त्या म्हणाल्या. "मी दाराकडे कान लावून बसले."

"त्याला मुलगा भेटला का, ते पुस्तकातही नाही, असं दिसतं," रेडिओबाई म्हणाल्या.

"नसेल भेटला," कटरबाई म्हणाल्या. "पण निघाला तरी, गं."