बटनचं पथ्यपाणी

काकू चहासुद्धा चालता चालता प्यायच्या. एक घोट जिन्यापाशी, दुसरा तुळशीपाशी, तिसरा फाटकात. "बसा ना काकू," म्हटलं की म्हणायच्या, "बसलं की डोकं चालते वं पोरी. त्यापेक्षा पाय चाललेले बरे." नवऱ्याच्या किराणा दुकानात पोत्यांचा वास घेण्यात त्यांचं निम्मं आयुष्य गेलं होतं. तुरीचं पोतं आतून ओलं आहे, हे त्या पोतं न उघडता सांगत. नवरा गेला, मुलाने दुकान आर्वीला हलवलं, आणि पिपरी मेघेच्या घरात काकूंचं नाक आणि पाय दोन्ही रिकामे पडले.

त्यांच्या वरच्या खोलीत मी राहायला आले ते २००७ साल असावं. सावंगीला फिजिओथेरपी शिकत होते. नागपूरची, इंग्रजी शाळेतली, कमी बोलणारी. कमी बोललं की गोष्टी लपतात, असा माझा समज होता. आणि लपवायला माझ्याकडे बटन होता.

बटन म्हणजे शुगर ग्लायडर, उडत्या खारीसारखा परदेशी प्राणी. मुठीत मावणारा, राखाडी, पाठीवर काळी रेघ, आणि पुढच्या पायापासून मागच्या पायापर्यंत ताणली जाणारी कातडी. तिच्या जोरावर तो पडद्यावरून कपाटावर तरंगत जाई. बंगळूरचा मामेभाऊ परदेशी जाताना माझ्या गळ्यात घालून गेला होता. दिवसभर कापडी पिशवीत झोपे, दिवेलागणीला उठे. नर असल्यामुळे त्याच्या अंगाला एक गोडसर, उग्र वास होता.

आठव्या दिवशी काकू दारात उभ्या राहिल्या. "पोरी, तुह्या खोलीत कोनीतरी हाये."

"नाही काकू. ओले मोजे आहेत."

"मोजे इतके गोड नसते."

त्यांनी सरळ कपाट उघडलं. पिशवीतून दोन काळे डोळे बाहेर आले. काकू एक पाऊल मागे सरल्या. "अवं माय! उंदराले पिशवी शिवून देल्ली का तू?" मी अडखळत सगळं सांगितलं. ऐकता ऐकता त्या खोलीला तीन फेऱ्या मारून आल्या आणि म्हणाल्या, "एक महिना. वास बाहेर गेला त ठीक, नाई त जनावर बाहेर."

त्या महिन्यात मला स्वस्थ असं बसता आलं नाही. सकाळ-संध्याकाळ फिनाईलने पिंजरा घासायचा, पिशव्या उकळायच्या, खिडक्या उघड्या टाकून कॉलेजला पळायचं आणि लेक्चरमध्ये स्वतःच्या बाह्या हुंगायच्या. वास वाढतच गेला. काकू गच्चीवर येरझारा घालत बघत होत्या. पाचव्या दिवशी त्यांना राहवलं नाही. "तू रोज त्याचं घर पुसून राह्यली, न तो रोज त्याच्यावर आपलं नाव लिवून राह्यला. पुसनं बंद कर मंग. एक कपडा धू, एक तसाच राहू दे. खालचा पेपर तेवढा रोज बदल. न ते फिनाईल आन इकडं, बिचाऱ्याचं नाक जाईन."

मग त्यांची नजर वाटीकडे गेली. केळं, चिकू, वर मध. गोड नावाच्या प्राण्याला गोडच आवडत असणार, असा मी धरलेला हिशेब. "पाव्हन्याले रोज बासुंदी घातली त त्याच्याबी घामाले वास येईन," काकू म्हणाल्या आणि मधाची बाटली पदराखाली घेऊन गेल्या.

फळं कमी केली, वास खरंच उतरला. पण एका संध्याकाळी बटन पडद्यावर चढेना. मागचे पाय ओढत होता. गुरांच्या डॉक्टरांनी त्याला तळहातावर घेतलं आणि प्रामाणिकपणे सांगितलं, असं जनावर मी पाहिलेलं नाही. तरी तपासून म्हणाले, कॅल्शियम कमी पडलंय. हे थेंब द्या, आणि उकडलेलं अंडं, टरफलाची पूड घालून.

काकूंच्या घरात अंडं कधी आलं नव्हतं. मी थेंब दिले आणि अंड्याऐवजी भिजवलेलं सोयाबीन ठेवलं. त्याने तोंड लावलं नाही. चार दिवस मी जिना चढउतार करत राहिले. रोज विचारायचं ठरवायची, रोज नुसतं "येते काकू" म्हणून निघायची. चौथ्या दिवशी बटन मानही उचलेना तेव्हा काकूंनीच विचारलं, "डॉक्टर काय म्हनला होता?"

"अंडं," मी म्हणाले.

काकू थांबल्या. त्यांना असं थांबलेलं मी पहिल्यांदाच पाहत होते. "न तू चार दिवस काऊन नाई बोलली?"

"तुमच्या घरात..."

"घरात नाई चालत. आंगनात कोन नाई म्हनलं?"

कढीपत्त्याच्या झाडाखाली शेगडी मांडली गेली, वेगळं पातेलं आलं. काकू नाकाला पदर लावून पाच हातांवर उभ्या. "फोड. हळू. टरफल उन्हात ठेव, न मंग बारीक कूट. माह्याकडं नको आनू!" रोज हे असं. हळूहळू बटन पाय टेकवू लागला.

महिना भरला त्या दिवशी माझं प्रॅक्टिकल होतं. उशीर झाला. सकाळीच बटनचं सामान मी एका पिशवीत भरून ठेवलं होतं, कारण वास कमी झाला होता, गेला नव्हता. धावत घरी आले तर संध्याकाळच्या वेळी काकूंचे केस ओले, अंगावर नुकतं धुतलेलं लुगडं. अंगणातली शेगडी गरम होती. वरच्या खोलीत बटन पिवळा बलक दोन्ही हातांत धरून खात होता.

"काकू, आज महिना झाला," मी म्हणाले.

"कायचा?" म्हणाल्या, आणि केस झटकत फाटकाकडे गेल्या.

पुढे दोन वर्षं आम्ही तिथेच राहिलो. निघायच्या दिवशी ऑटो दारात असताना काकू माझ्या गळ्यातल्या पिशवीकडे बघत म्हणाल्या, "याले ठेवून जातं का?" मी थट्टा समजून हसले. मग त्याही हसल्या. ती थट्टा नव्हती, हे मला ऑटो वळायच्या आत कळलं होतं. मी ऑटो थांबवला नाही.

नागपुरात बटन वर्षभर जगला. काकूंचा फोन दर पंधरा दिवसांनी यायचा, बटन गेल्यावरही. "अंडं देतं ना त्याले?"

"देते काकू."

शेवटचा फोन आला तेव्हाही मी हेच म्हणाले.